क्रोशाची सुई
मुलांनो, घोटी हे भाताचे गाव आहे. येथे पाऊस फार पडतो. अशा दिवसांत घरी बसून क्रोशाचे विणकाम करता येते. त्यासाठी फक्त बारीक दोरा आणि टोकाला आकडा असलेली सुई लागते. आधी साखळी घालतात, मग खांब. खांबांमध्ये जागा सोडली की जाळी तयार होते. जाळीची टोपी मधून सुरू करतात. प्रत्येक फेरीत टाके वाढवले की ती पसरते. वाढवणे थांबवले की खाली वळते.

१८४५ साली आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक रोगाने गेले. मोठा दुष्काळ पडला. तेव्हा तेथील अनेक बायकांनी क्रोशाची लेस विणून विकली आणि घर चालवले. शेतात पीक नव्हते, पण हातात कला होती. म्हणून मुलगे असोत वा मुली, ही कला सर्वांनी शिकावी.