कोळशातल्या दगडांचा खटला

प्रश्न : आंतरराष्ट्रीय लॉ फर्ममध्ये ‘ऊर्जा नियमन आणि स्पर्धा कायदा’ असा स्वतंत्र विभाग असतो, असं वाचलं. हे वकील नेमकं करतात काय? कोल्हापुरात शिकून तिथवर जाता येईल का?
— कायद्याची विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : आपल्याच राज्याचा एक खटला सांगतो. महानिर्मिती या राज्याच्या वीजनिर्मिती कंपनीने कोल इंडिया या सरकारी कोळसा कंपनीविरुद्ध भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. कोळसा घ्यायचा तर बहुतेक कोल इंडियाकडूनच, त्यामुळे करारातल्या अटीही तीच घालणार : नमुना कुठे आणि कसा तपासायचा, कोळशातून दगड आले तर भरपाई किती मिळायची. डिसेंबर 2013 मध्ये आयोगाने 1,773 कोटी रुपयांचा दंड ठोठावला. अपिलात तो आदेश रद्द झाला. 2017 मध्ये आयोगाने पुन्हा दोषी ठरवलं, दंड मात्र 591 कोटींवर आला. आम्ही राष्ट्रीयीकरणातून लोकहितासाठी उभे राहिलो, आम्हाला स्पर्धा कायदा लागूच होत नाही, असा कोल इंडियाचा बचाव होता. जून 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला.

अशा खटल्यात वकिलाचे महिनेच्या महिने कागदांत जातात. खाणीवर कोळशाची प्रत काय लिहिली, वीजकेंद्रात तपासली तेव्हा काय भरली आणि मधल्या फरकाचे पैसे कोणाच्या माथी गेले, हे त्याला कलमाकलमाने दाखवावं लागतं. ते पैसे शेवटी इचलकरंजीच्या यंत्रमागवाल्याच्या बिलात ‘इंधन समायोजन आकार’ म्हणून उतरू शकतात. म्हणून मला हा विषय फार महत्त्वाचा वाटतो.

नियमनाची बाजू वेगळी. एका रस्त्यावर दोन कंपन्यांचे खांब उभे करणं परवडत नाही. म्हणून दर बाजारावर न सोडता 1999 पासून महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो. कंपनी दाखवते त्यातला कोणता खर्च मान्य आणि कोणता नाही, यावर तिथे भांडण चालतं. शिवाय 2003 च्या वीज कायद्याचं कलम 60 मक्तेदारीच्या गैरवापराविरुद्ध निर्देश देण्याचा अधिकार वीज आयोगालाही देतं. त्यामुळे तक्रार कोणत्या आयोगापुढे न्यायची, हाच पहिला वाद होऊ शकतो.

आता परदेशी फर्मचं. नव्वदच्या दशकात अशा काही फर्मनी मुंबईत संपर्क कार्यालयं थाटली होती; 2009 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते बेकायदा ठरवलं. 2023 च्या बार कौन्सिलच्या नियमांनी दार थोडं किलकिलं केलं, पण परदेशी कायद्याच्या सल्ल्यापुरतं. इथल्या न्यायालयात उभं राहण्यासाठी नाही. तेव्हा आधी मुंबई-दिल्लीतल्या भारतीय फर्ममध्ये हे काम शिकणं मला शहाणपणाचं वाटतं.

सुरुवात मात्र कोल्हापुरातूनच होते. इचलकरंजीचे प्रताप होगाडे वीज ग्राहकांच्या वतीने वर्षानुवर्षं वीज नियामक आयोगापुढे आकडेवारीनिशी भांडत आले आहेत. तुम्हीही महावितरण या वीजवितरण कंपनीबद्दलचा आयोगाचा एक दर-आदेश शेवटच्या तक्त्यापर्यंत वाचा. आयोगाच्या संकेतस्थळावर तो फुकट मिळतो. ‘वहन आकार’, म्हणजे तारांवरून वीज पोहोचवण्याचा आकार, कसा काढला, हे एकदा स्वतः मांडून पाहा. पुढच्या दरप्रस्तावावर हरकती मागवल्या की एकाच मुद्द्यावर, हिशेबासह, लेखी हरकत पाठवा. त्यासाठी सनद लागत नाही.