चावी देऊन बघितलंस का?

सांगली

चि. ओंकार,

तुझ्या आईने फोटो पाठवला. टेबलावर एचएमटी घड्याळांची रांग, शेजारी जुनी रेझर, दोन शाईपेनं. पगार असा उडतोय म्हणून ती काळजीत आहे, मी नाही. पण चावी दिल्यावर त्यातली किती घड्याळं चालतात, ते काही कळवलं नाहीस.

पुण्यात राहतोस, म्हणजे बुधवार-रविवारचा जुना बाजार तुझ्या हाताशी आहे. मुंबईला गेलास की चोर बाजारात मटण स्ट्रीटही पालथी घालशीलच. पण त्याआधी घड्याळं दुरुस्त करणारा एखादा जुना माणूस गाठ. वस्तू काय, कधीही मिळेल; ती उघडून परत नीट बसवणारा हात मिळणं अवघड होत चाललंय. असा माणूस नसेल तर तुझी हौस काचेच्या कपाटातच संपणार.

सुरुवातीला एचएमटी घेतलीस हे बरंच केलंस. १९६१ साली जपानच्या सिटिझनच्या मदतीने बंगळूरला कारखाना निघाला आणि २०१६ साली सरकारने ही घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. मधल्या काळात जनता, पायलट, सोना ही घड्याळं घरोघरी गेली, त्यामुळे सुटे भाग अजून सापडतात. मात्र बाजारात पोपटी, जांभळ्या, भगव्या तबकड्यांचे जे पायलट दिसतात त्यांच्यापासून सांभाळून. त्यातल्या बहुतेकांची यंत्रं जुनी आणि रंग कालचा. भिंग लावून बघ. अक्षरं फुगलेली, मिनिटांच्या रेघा कमीजास्त अंतरावर, म्हणजे तबकडी पुन्हा रंगवलेली. आवडलं तर खुशाल घे, पण मूळचं म्हणून पैसे मोजू नकोस. मला विचारशील तर पिवळी पडलेली, डागाळलेली मूळ तबकडीच मी घेईन.

चावी रोज सकाळी द्यायची, घड्याळ मनगटावरून काढून. हातात असताना दिली की दांडी तिरकी ओढली जाते. बोटाला अडसर जाणवला की थांब. पावसात नेऊ नकोस. काचेवर बारीक ओरखडे असतील तर नवी काच टाकायची घाई नको. ती प्लॅस्टिकची असते, टूथपेस्ट लावून मऊ फडक्याने घासली की बरीच साफ होते.

रेझरबद्दल थोडंच. जिलेटला तिचं पेटंट १९०४ साली मिळालं आणि आजची पातीही त्या जुन्या रेझरमध्ये बसतात, हीच तर तिची खरी गंमत. तुम्हा मुलांना दाबून ओढायची सवय. इथे दाबायचं नाही. दांड्याचं वजन पुरतं. आधी केसांच्या दिशेने, साबणाचा फेस भरपूर, नंतर तुरटी. वापरलेली पाती कचऱ्यात सुटी टाकू नकोस, कचरा उचलणाऱ्याचे हात कापतात. एखाद्या डब्यात साठव.

कपड्यांचं मला फारसं कळत नाही. एवढं मात्र शिंप्याकडून ऐकलंय की कोटाची कंबर आणि बाही जमवता येते, खांदा जमवता येत नाही. तेव्हा खांद्यात बसला तरच घे आणि लोकरीचा असला तर कसर लागलीय का ते उजेडात धरून बघ. आणि हो, जुना कोट घालून फोटो काढण्यापुरता रस्त्याकडेला उभा राहणारा माणूस मला मुळीच आवडत नाही. कोट घालून कामाला जावं.

पेनात चित्रकलेची काळी शाई घालू नकोस, ती आत सुकून बसते. साधी कॅमलची शाई उत्तम. एबोनाइटचं पेन गरम पाण्यात बुडवू नकोस, रंग जातो. नुसती निब गार पाण्यात रात्रभर ठेवली तरी जुनी शाई सुटते.

तू विचारलेल्या त्या पायलटचं म्हणशील, तर विकणाऱ्याला मागचं झाकण उघडून दाखवायला सांग. आत गंज असेल किंवा तो उघडायला तयार नसेल, तर किंमत न विचारता पुढे चल.

आजोबांचं शाईपेन माझ्याकडे आहे. दिवाळीला आलास की देईन. त्याची निब त्यांच्या हाताच्या कलाने झिजलीय, तुला आधी खरखरेल. लगेच घासून घेऊ नकोस, दोन-तीन महिने त्यानेच हिशेब लिही आणि मग काय ते ठरव. आईला तेवढा फोन कर.

तुझा,
मामा