४,२९,४९,६७,२९७ : एका संख्येची परीक्षा

दोन या संख्येचा वर्ग करावा, आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग करावा आणि असेच पुढे जावे. २, ४, १६, २५६, ६५,५३६ अशा संख्या मिळतात. प्रत्येकीत एक मिळविला की ३, ५, १७, २५७, ६५,५३७. या पाचही मूळ संख्या होत. या रीतीने येणारी प्रत्येक संख्या मूळच असली पाहिजे, असे मत फ्रेंच गणिती फर्मा याने १६४० मध्ये मांडिले. सिद्धता मात्र त्याच्यापाशी नव्हती.

सहावी संख्या शीर्षकात दिली आहे. शेवटी ७ असल्याने तिला २ व ५ यांनी भाग जात नाही. अंकांची बेरीज ५९, म्हणून ३ नेही नाही. नेहमीच्या कसोट्या येथे थकतात. १७३२ साली ऑयलरने दाखविले की, ६४१ ने ती निःशेष भागली जाते; भागाकार ६७,००,४१७. तिचा कोणताही मूळ विभाजक ६४ ने भागिला असता बाकी १ च उरते, हेही त्याने पुढे सिद्ध केले. त्यामुळे ६४१ पर्यंतच्या शंभराहून अधिक मूळ संख्यांऐवजी १९३, २५७, ४४९, ५७७ व ६४१ एवढ्याच तपासाव्या लागतात.

सातवीच्या वर्गात हे पाच भागाकार पाच गटांस वाटून द्यावेत. संख्या मूळ की संयुक्त, हे प्रत्येकाने आधी लिहून ठेवावे. पहिल्या चार गटांची बाकी फळ्यावर मांडून झाल्यावर मत बदलण्याची मुभा द्यावी, आणि मगच पाचव्या गटास उत्तर विचारावे. दहा अंकी भाज्यास पाटी अपुरी पडते. वहीचे पान आडवे धरावे.