चिरचाडी ते मेरीलँड : एका शास्त्रज्ञाच्या घडणीचा अभ्यास

गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यातील चिरचाडी या गावी एका आदिवासी कुटुंबात वाढलेले डॉ. भास्कर हलामी २०२२ मध्ये अमेरिकेतील मेरीलँड येथील सिरनाओमिक्स या औषधसंशोधन कंपनीत वरिष्ठ शास्त्रज्ञ होते. वर्तमानपत्रांनी त्यांच्या जिद्दीचा गौरव केला, तो यथार्थच होय. तथापि इतिहासाचे अभ्यासक म्हणून आम्हांस निराळा प्रश्न पडतो : ही जिद्द कोणत्या आधारावर टिकली?

प्रथम त्यांचे कार्य समजून घेऊ. त्यांचा विषय आरएनए. जमिनीची मूळ नोंद तहसील कार्यालयात राहते, काम मात्र तिच्या नकलेवर चालते. त्याचप्रमाणे पेशीत डीएनए ही मूळ नोंद, तर संदेशवाहक आरएनए ही तिची नक्कल. नकलेबरहुकूम प्रथिने तयार होतात. लहानसा विशिष्ट आरएनए पेशीत सोडल्यास रोगकारक प्रथिनाची नक्कलच नष्ट करता येते; मूळ नोंद अबाधित राहते. या तत्त्वाच्या शोधास २००६ चे नोबेल पारितोषिक मिळाले आणि २०१८ मध्ये अमेरिकेत त्यावर आधारलेल्या पहिल्या औषधास मान्यता मिळाली.

आता त्यांची वाट पाहू. बालपणी हे कुटुंब मोहफुले शिजवून, तांदळाचे पीठ पाण्यात उकळून दिवस काढी. सातवीपर्यंत शिकलेल्या वडिलांना शंभराहून अधिक किलोमीटरवरील कसनसूर येथे शाळेत स्वयंपाक्याची नोकरी मिळाली. तीन-चार महिने घरी त्यांची खबरही नव्हती. पुढे कुटुंब तेथे गेले. भास्कररावांचे चौथीपर्यंतचे शिक्षण कसनसूरच्या आश्रमशाळेत झाले. शिष्यवृत्ती परीक्षेनंतर दहावीपर्यंत ते यवतमाळ जिल्ह्यातील केळापूरच्या शासकीय विद्यानिकेतनात शिकले. गडचिरोलीत विज्ञानाची पदवी व नागपूरच्या विज्ञान संस्थेत रसायनशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन २००३ मध्ये ते तेथील लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत सहायक प्राध्यापक झाले. लोकसेवा आयोगाची परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्यांनी संशोधनच निवडले आणि मिशिगन टेक्नॉलॉजिकल विद्यापीठातून पीएचडी मिळवली.

या वाटेवर चौथी, दहावी व पदवी ही तीन अवघड वळणे होती. प्रत्येक वळणावर पुढचे दार उघडे मिळाले, म्हणून प्रज्ञेला अवसर लाभला. प्रज्ञा आपल्या वस्त्यांत व पाड्यांत आजही आहे. दारापर्यंत पोहोचवणारा हात सर्वांना मिळत नाही. माजी विद्यार्थ्यांनी, पालकांनी शिष्यवृत्तीच्या अभ्यासवर्गाला वेळ द्यावा, दहावी झालेल्या मुलामुलींचे प्रवेश अर्ज सोबत बसून भरावेत. शास्त्रज्ञाची घडण प्रयोगशाळेच्या कितीतरी आधी, अशा लहान कामांतून सुरू होते.