जिप्सम बोर्डचे जॉइंट : काम काही तासांचं, मग दिवस चार का लागतात?

जिप्सम बोर्डचं पार्टिशन उभं करणं सोपं. खरी परीक्षा जॉइंट भरताना होते, कारण ग्राहकाला आतली फ्रेम दिसत नाही, जॉइंट दिसतो.

आधी माझी चूक सांगतो. पार्टिशनची पहिली ऑर्डर माझ्या मामांच्याच घरची होती. गणपती आठ दिवसांवर आलेले. मी जोशात बोलून गेलो, "मामा, दोन दिवसांत रंगासकट देतो." पहिला हात ओला असतानाच दुसरा मारला, तोही जाड. टेप संपली, तर दोन जॉइंट नुसत्या पुट्टीने भरले. गणपतीत भिंत मस्त दिसली. महिन्याभरात जॉइंटवर केसाएवढ्या चिरा! मामा काही बोलले नाहीत. मामी मात्र म्हणाली, "अरे, पाहुणे विचारतात कुणी केलं म्हणून. तुझं नाव सांगू का नको?" ते काम मी पुन्हा केलं, फुकटात.

असं का झालं? रेडीमिक्स कंपाउंडमधलं पाणी उडालं की ते आकसतं. थर जाड असेल तर जास्त आकसतं आणि चिरतं. शिवाय बोर्ड थोडे तरी हलतात. तो ताण टेप झेलते, नुसती पुट्टी झेलत नाही.

पहिला दिवस : टेप
जॉइंटवरून आणि स्क्रूंवरून पात फिरवा. अडखळली तर स्क्रू किंचित आत घ्या, पण बोर्डचा कागद फाटू देऊ नका. बोर्डच्या लांब कडा सहसा उतरत्या असतात, त्यामुळे दोन बोर्ड जोडले की मध्ये उथळ खोलगट पट्टा मिळतो. त्यात कंपाउंड भरा, कागदी टेप मधोमध ठेवा आणि पात तिरकी धरून दाबत न्या. खाली कंपाउंड कमी पडलं तर फुगा येतो. तेवढी टेप काढून परत लावा. आतल्या कोपऱ्यात टेप मधल्या घडीवर दुमडायची, बाहेरच्या कोपऱ्याला धातूची कॉर्नर पट्टी लावायची. स्क्रूची डोकीही भरून घ्या.

दुसरा दिवस : दुसरा हात
पातळ आणि आधीपेक्षा रुंद, साधारण ८ इंच.

तिसरा दिवस : शेवटचा हात
अजून पातळ, १२ इंचांपर्यंत पसरवा. कापलेल्या कडा जिथे भिडतात तिथे खोलगट पट्टा नसतो, म्हणून उंचवटा येतो. तो लपवायला याहून रुंद पसरवावं लागतं.

चौथा दिवस : घासणं आणि प्रायमर
मास्क लावा, धूळ फार बारीक असते. आधी १५० नंबरचा पॉलिश पेपर, मग २२०. हलक्या हाताने घासा, टेप उघडी पडायला नको. टॉर्च भिंतीला चिकटवून आडवा प्रकाश टाका. समोरून न दिसणारे खड्डे लगेच दिसतील. मग प्रायमर. तो टाळला तर बोर्डचा कागद आणि कंपाउंड रंग वेगवेगळा शोषतात आणि जॉइंटचे पट्टे दिसतात.

दोन हातांमध्ये साधारण एक दिवस धरा, पावसाळ्यात जास्त. हाताला गार लागलं किंवा मधे मधे गडद डाग दिसले, तर आत ओल आहे. थांबा.

आता धंद्याचं गणित
छोट्या पार्टिशनला रोजचं काम दीड-दोन तासांचं. नवीन माणूस तेवढेच तास धरून रेट सांगतो आणि फसतो. तास नाही, फेऱ्या मोजा. चार दिवस म्हणजे चार वेळा जाणं-येणं, सामान काढणं, पात धुणं. हे सगळं रेटमध्ये धरा.

दुसरं, वाळायची वाट बघत बसू नका. जवळपासचं आणखी एक काम त्याच दिवसांत घ्या. एकीकडे वाळतंय तोवर दुसरीकडे हात मारा.

तिसरं, कोटेशनमध्ये स्पष्ट लिहा : "जॉइंटचे तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावरच पुढचा. पावसाळ्यात दिवस वाढतील." ग्राहक घाई करेल. दोन दिवसांत करून देणाराही कुणीतरी भेटेल. तेव्हा ऑर्डर गेली तरी चालेल. चिरलेली भिंत तुमच्या नावाने वर्षभर बोलत राहते.

गृहपाठ : ग्राहकाकडे जाण्याआधी घरातच सराव करा. बोर्डचे दोन तुकडे लाकडी पट्टीवर शेजारी ठोका. अर्ध्या जॉइंटला टेप लावून तीन पातळ हात द्या, उरलेला नुसत्या पुट्टीने एकाच जाड हातात भरा. दोन्हीकडे तारीख लिहून महिनाभर ठेवा. मग हा नमुना दुकानात दिसेल असा लावा. "चार दिवस कशाला?" असं ग्राहकाने विचारलं, की बोट त्याच्याकडे दाखवायचं.

मी मामांकडे हा धडा फुकटात काम करून शिकलो. तुम्ही दोन तुकड्यांवर शिका.