कोपीमागचे रान

येळवस, म्हणजे वेळा अमावास्या, हा आमच्या लातूर-धाराशिव भागातील शेतकऱ्यांचा सण. मार्गशीर्ष अमावास्येला शेतात कडब्याची कोप करून तिच्यात पाच पांडव मांडतात. भज्जी व आंबिलीचा नैवेद्य दाखवतात. छायाचित्रकार बहुधा पूजेवरच कॅमेरा रोखतात. अभ्यासकाने मात्र कोपीच्या मागे पाहावे, असे मला वाटते. आमच्या घरच्या जुन्या फोटोत मागे डोक्याएवढी ज्वारी आहे. अलीकडच्या फोटोत गुडघ्याखालचा हरभरा. खरिपात सोयाबीन आले, ज्वारी हटली, बैल गेले. मग कडबा कोठून येणार? कोप आता काठ्यांवर टाकलेल्या साडीची. पांडव तेच, पण पूर्वी ते घरच्या पिकाच्या आडोशाला बसत. आंबिलीचे पीठसुद्धा आता दुकानचे. (हे फोटोत दिसत नाही, आईने सांगितले.) म्हणून फोटोच्या पाठीवर मी सालाबरोबर पिकाचेही नाव लिहितो.