शहरात राहायचे कुठे?

दहावी झाली की तुमच्यापैकी काहीजण शिकायला मोठ्या शहरात जातील. काही अभ्यासक्रमांत वर्गाबरोबर कारखान्यात किंवा रुग्णालयात काम शिकायचे महिनेही असतात. गुण मिळतात, प्रवेश मिळतो आणि मग घरात प्रश्न निघतो : राहायचे कुठे? या एका प्रश्नापायी कितीतरी मुलांचे, आणि त्याहून जास्त मुलींचे, शिक्षण थांबते.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू महाराज यांनी हे फार पूर्वी ओळखले. शहरात राजाराम कॉलेज होते. पण खेड्यातल्या गरीब मुलाला खोली कोण देणार? १९०१ साली महाराजांनी मराठा मुलांसाठी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले. १९०६ साली त्यांनी शहरातील मुस्लिम मंडळींना बोलावून मोहामेडन एज्युकेशन सोसायटी स्थापन केली व स्वतः तिचे अध्यक्ष झाले. तिचे मुस्लिम बोर्डिंग दसरा चौकात आहे. उर्दूत आपण ज्याला दारुल इकामा म्हणतो, तेच हे वसतिगृह. प्रत्येक समाजाला वेगळे वसतिगृह कशाला, असे तुम्ही विचाराल. त्या काळी लोक एकमेकांच्या हातचे जेवत नसत. आपल्या माणसांत मुलगा सुरक्षित राहील एवढे पटले, तरच बाप त्याला पाठवी. माझ्या मते महाराजांनी त्या वेळी योग्य तेच केले.

कोल्हापुरातच शिकलेले भाऊराव पाटील मात्र पुढे गेले. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात वसतिगृह काढले. तिथे सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीत जेवत. स्वयंपाक करणे, शेतात राबणे ही कामे मुलेच करीत आणि शिकत. 'कमवा आणि शिका' ही योजना यातूनच वाढली. एकदा धान्याला पैसे उरले नाहीत, तेव्हा भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी मंगळसूत्रही मोडले. १९२७ साली महात्मा गांधी तेथे आले आणि वसतिगृहाला शाहू महाराजांचे नाव मिळाले.

आता तुमच्याकडे वळू. वसतिगृहात जागा मिळाली तर उत्तमच. नाहीतर 'कॉट बेसिस'वर, म्हणजे खोलीतल्या एका खाटेचे भाडे भरून, राहावे लागते. भाडे तर विचाराच. पण कॉलेज आणि कामाची जागा दोन्ही किती लांब आहेत, तेही पाहा. काम सुटायला उशीर झाला तर फाटक उघडतात का? रमजानात सहेरीला मेस चालू असते का? अनामत रकमेची पावती मिळते का? पावतीशिवाय पैसे देऊ नका. खर्च, हिशेब, मुक्काम हे मराठी शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत!

स्वाध्याय

१. भाऊरावांचे वसतिगृह कोल्हापूरच्या वसतिगृहांपेक्षा कसे वेगळे होते?
२. शहरात शिकणाऱ्या एखाद्या ओळखीच्या विद्यार्थ्याला त्याच्या महिन्याच्या खर्चाचा हिशेब विचारा व मराठीत लिहा.